अंगणातलं सागवानी टेबल: प्रकल्प नोंदी, मार्च ते जुलै २०२५

१ मार्च, शनिवार

दापोलीच्या नव्या घरासाठी भेट. काका-काकूंना अक्षय्य तृतीयेला, म्हणजे ३० एप्रिलला द्यायचं. जागा मागच्या अंगणात, जांभ्याच्या फरशीवर. वर छप्पर नाही. तिथे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर टेबल कोणी आत उचलून नेणार नाही, हे गृहीत धरूनच आराखडा.

माप: लांबी १५००, रुंदी ७४८, उंची साधारण ७३५ (सगळी मापं मिलिमीटरमध्ये). सहा माणसं जेवायला बसतात, आंब्याच्या पेट्या चढवायला पुरतं.

वरचा पाट अखंड करायचा नाही, सुट्या फळ्यांचा. सागवान इतर लाकडांच्या मानाने कमी हलतं, पण हलतं. पुण्यातल्या मार्चमधली १० टक्के ओल कोकणातल्या जुलैत १८ वर गेली, तर ७५० रुंदीचा जोडलेला पाट १० ते ११ मिमी फुगतो. खालच्या चौकटीला तो घट्ट आवळलेला असला की एक तर फळी चिरते, नाही तर चौकट उकलते. १०० मिमीची सुटी फळी फार तर दीड मिमी फुगते आणि शेजारची फट ते पोटात घेते. शिवाय फटीतून पाणी निथळून जातं.

वर ७ फळ्या, १०० × २२, मध्ये ८ मिमीच्या ६ फटी. पाय ६५ × ६५. चौकटीच्या पट्ट्या ९० × २५, बाहेरून चौकट १३०० × ६४८. लांब पट्ट्यांच्या मध्ये फळ्यांना आधार म्हणून दोन आडपट्ट्या, ५० × ४०. एक आडपट्टी जेवणासाठी पुरली असती. पण हे टेबल आंब्याच्या झाडाखाली जाणार आहे, कोणी ना कोणी त्यावर उभं राहणारच.

पायांना खालून जोडणारी पट्टी नाही. गुडघ्यांना लागते, आणि तिच्यावर पाणी साचतं.

२ मार्च, रविवार

लाकूड. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून जुनं सागवान घेतलं, पाडलेल्या वाड्यातले वासे आणि तुळईच्या चिरलेल्या फळ्या. नवं लागवडीचं सागवान दिसायला सरळ असतं, पण वीस-पंचवीस वर्षांच्या झाडात पांढरट कच्चा भाग पुष्कळ निघतो. त्या भागात वाळवीला अडवणारी द्रव्यं नसतात. सागवान टिकतं ते तपकिरी गाभ्यामुळे. कच्च्याला ते नाव फुकटचं मिळतं.

हिशेब घनफुटात: जाडी इंचात × रुंदी इंचात × लांबी फुटात, भागिले १४४. रंध्याला आणि कापणीला वाढवा धरून फळ्या १.४४, पाय ०.६३, चौकट ०.४३, आडपट्ट्या ०.१३. बेरीज २.६३. जुन्या लाकडात खिळे, भोकं, पोखरलेले भाग यांत चौथा हिस्सा सहज जातो, म्हणून साडेतीन घनफूट घेतलं. हा वाढवा पुढे कामी आला, बावीस तारखेची नोंद पाहा.

वखारीत तपासायचं ते असं. टोकावर पटाशीचा टवका काढून आतला रंग बघायचा. वासा एका डोळ्याने लांबीला न्याहाळायचा. बाक असेल तर चालतो, तुकडे पाडले की जातो. पीळ असेल तर तो वासा ठेवून द्यायचा, रंध्याने पीळ काढेपर्यंत जाडी संपते. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली तर वासा आपटून बघायचा. ताजं पिठासारखं पडलं तर किडा अजून आत आहे.

दुसरे पर्यायही मोजले होते. आंबा स्वस्त, पण उघड्यावर दोन पावसाळ्यांत कुजतो. पेट्यांचं पाइन तसंच. फणस चांगला, पण पुण्यात सुकलेला आणि हव्या लांबीचा मिळाला नाही.

८ मार्च, शनिवार

खिळे काढणं. पूर्ण दिवस गेला, आणि जायलाच हवा. आधी तारेच्या ब्रशने चुना आणि माती घासली, कारण चुन्यातली रेती रंध्याचं पातं खिळ्याइतकंच खाते. मग प्रत्येक बाजूवरून लोहचुंबक सावकाश फिरवला. २३ खिळे निघाले. त्यांतले चार जुने घडीव मोळे, डोकं गंजून गेलेलं, वरून फक्त काळा डाग. असा काळा डाग दिसला की तिथे लोखंड आहे किंवा होतं, असंच धरायचं. मोडलेल्या खिळ्याभोवती बारीक ड्रिलने तीन-चार भोकं पाडून तो पकडीने ओढला. भोक वाया जाणाऱ्या भागात येईल असं कापायचं ठरवून खडूने खुणा केल्या.

ओलीचं मीटर: ९ ते ११ टक्के. नुसतं वर टेकवून आकडा घ्यायचा नाही, ताज्या कापलेल्या टोकावर घ्यायचा.

१५ मार्च, शनिवार

धुळवडीच्या सुट्टीनंतर मशिनवर. आधी एक बाजू सपाट, मग तिला गुण्यात (काटकोनात) लगतची बाजू, मग जाडीला समांतर, आणि शेवटी रुंदीला कापणी. हा क्रम उलटा केला की काटकोन कधीच मिळत नाही. फळ्या २५ पर्यंत आणून काठ्यांचे आडवे तुकडे मध्ये घालून रचून ठेवल्या. आतला ताण सुटून फळी रात्रीत थोडी वाकते, म्हणून शेवटचे तीन मिमी दुसऱ्या दिवशी. दोन फळ्या खरंच वाकल्या.

सागवानात वाळूसारखी सिलिका असते. दुपारपर्यंत पातं बोथट झालं. लाकडावर करपल्यासारखे चमकदार पट्टे दिसले की धार गेली असं समजायचं. भुसा बारीक आणि झोंबणारा, मास्कशिवाय काम नाही.

२२ मार्च, शनिवार

चौकटीची मापं प्लायवर खऱ्या आकारात आखली, वर फळ्या मांडून पाहिल्या आणि चूक सापडली. कागदावर ती दिसत नव्हती.

पाय कडेपासून ५० आत आहे, म्हणजे ५० ते ११५. कडेची फळी ० ते १००, मग फट १०० ते १०८. म्हणजे पहिली फट नेमकी पायाच्या माथ्यावर. फळ्यांवरचं पाणी त्या फटीतून पायाच्या कापलेल्या टोकावर थेंब-थेंब पडत राहणार. लाकूड पाणी बाजूने जेवढं पितं त्याच्या कितीतरी पट टोकाने पितं, तंतू तिथे नळीसारखे उघडे असतात. वरून ओला, खालून ओला आणि त्याच भागात सांध्याच्या खाचा. बागेतली बरीच टेबलं पायाच्या माथ्यापासून सडतात ती यामुळेच. फळ्या वरून ठणठणीत असतात, आणि एक दिवस पाय हातात येतो.

उपाय: कडेच्या दोन फळ्या १२०, मधल्या पाच ९२. बेरीज २४० + ४६० + ४८ = ७४८, रुंदी तीच. आता फट १२० ते १२८, पायाच्या पलीकडे. पाच फळ्या १०० वरून ९२ ला आणल्या, आणि १२० च्या दोन साठ्यातल्या लाकडातून नव्या काढल्या. उरलेल्या दोन १०० च्या फळ्यांचे ५०० लांबीचे सहा तुकडे होतात, तीन-तीन जोडून दोन पाट. टेबलाबरोबर तेही जातील.

२३ मार्च, रविवार

खाचा. पायांत आठ, प्रत्येकी १० रुंद, ६५ लांब, ३६ खोल. वरून २० सोडून सुरू करायच्या, नाही तर पायाचा माथा चिरतो.

खोलीचा हिशेब आधी करून ठेवावा, कारण दोन पट्ट्या एकाच पायात काटकोनात येतात. पट्टी पायाच्या बाहेरच्या तोंडापासून ५ आत, तिची जाडी २५, कुसू (पट्टीच्या टोकाची, खाचेत शिरणारी जीभ) मधोमध १० चं. म्हणजे खाच बाहेरच्या तोंडापासून १२.५ ते २२.५ मध्ये पडते. दुसऱ्या बाजूने ३६ खोल गेलं की २९ पर्यंत पोचतो. मध्ये साडेसहा मिमी लाकूड शिल्लक. ४२ च्या पुढे गेलं की दोन खाचा आत एकमेकींना भेटतात आणि पाय तिथे पोकळ होतो.

चारही पाय शेजारी-शेजारी उभे करून माथ्यावर डावा-उजवा, पुढचा-मागचा लिहिलं, खाचांच्या बाजूंवर रेघोट्या मारल्या. हे न करता एकामागून एक पाय आखत गेलं तर चार सारखे पाय तयार होतात, आणि टेबलाला दोन जोड्या लागतात, एकमेकींच्या आरशातल्यासारख्या.

९ मिमीच्या ड्रिलने ओळीत भोकं, पात्यावर ३६ ला चिकटपट्टीची खूण, मग १० ची पटाशी. पटाशी काठावर टेकवून तरफेसारखी वापरायची नाही, काठ दबतो आणि ती दबलेली जागा पट्टीच्या खांद्याने (कुसवाच्या मुळाशी पायाला टेकणारी कड) जेमतेम झाकली जाते. दर दोन खाचांनंतर धार लावली.

लांब पट्ट्यांच्या आतल्या बाजूला आडपट्ट्यांसाठी १२ खोल चार आखूड खाचाही आजच.

२९ मार्च, शनिवार

कुसू. लांब पट्ट्या १२४० (खांद्यापासून खांद्यापर्यंत ११७०, दोन्हीकडे ३५), आखूड ५८८ (५१८ आणि दोन्हीकडे ३५). खाच ३६ आणि कुसू ३५, उरलेला एक मिमी डिंकासाठी. तो न ठेवल्यास डिंक तळाशी दाबला जातो आणि कितीही आवळलं तरी खांदा टेकत नाही.

खांद्याची रेघ पेन्सिलने नाही, सुरीने. करवत रेघेच्या किंचित बाहेर, राहिलेलं पटाशीने. कुसू हाताने दाबून अर्धं जावं आणि पुढचं मोगरीच्या दोन-तीन ठोक्यांत. हातोडा लागला तर पाय चिरेल. उलटं धरल्यावर गळून पडलं तर सैल आहे. एक सैल झालं, त्याला अर्ध्या मिमीची सागवानी चीप चिकटवून पुन्हा तासलं.

उद्या पाडवा, काम बंद.

५ एप्रिल, शनिवार

डिंकाशिवाय जुळणी. चौकटीचे कर्ण मोजले: दोन्ही १४५२.५ यायला हवेत. आले १४५६ आणि १४४९. एका आखूड पट्टीचा आतला खांदा आधी टेकत होता, त्यामुळे पाय बाहेर फाकत होता. आतून केसभर तासल्यावर फरक एक मिमीवर आला. क्लॅम्प तिरका लावूनही कर्ण जुळवता येतात, पण सांध्यात तेवढा ताण कायमचा राहतो.

मग बांबूच्या खुंट्या. प्रत्येक सांध्यात ८ मिमीच्या दोन, एकूण १६. पायाच्या आतल्या कडेपासून १२ वर, ३० खोल भोक. भोक आधी फक्त पायात पाडायचं. कुसू आत घालून त्या भोकातून ड्रिलच्या टोकाने खूण करायची, कुसू बाहेर काढून खुणेपासून एक मिमी खांद्याकडे सरकून भोक पाडायचं. खुंटी ठोकली की ती वाकडी वाट काढत सांधा आत ओढते. डिंक वर्षांनी सुटला तरी टेबल उभं राहतं. जुन्या कडक सागवानाला एक मिमी पुरे. दोन केलं तर खुंटी मोडते किंवा कुसवाचं टोक फुटतं. खुंटीसाठी बांबूचा पाठीकडचा चिवट भाग.

६ एप्रिल, रविवार

डिंक: संथ आवळणारं दोन भागांचं इपॉक्सी. साधा पांढरा डिंक इथे बाद, पाण्यात मऊ पडतो. सागवान तेलकट असतं, म्हणून कुसू आणि खाच ॲसिटोनच्या फडक्याने पुसून पंधरा मिनिटांच्या आत इपॉक्सी लावलं. जास्त वेळ गेला की तेल पुन्हा वर येतं.

सकाळी सात वाजता सुरुवात. तापमान दहा अंशांनी वाढलं की इपॉक्सी हाताळायचा वेळ साधारण निम्मा होतो, आणि पुण्यात आत्ता दुपारी अडतीस. एका वेळी दोन सांध्यांपुरतंच कालवलं. डब्यात जास्त कालवलं की ते स्वतःच तापतं आणि दगड होतं. आधी दोन टोकाच्या चौकटी (पाय, आखूड पट्टी, पाय), दुसऱ्या सकाळी लांब पट्ट्या. लांब पट्ट्या बसवतानाच मधल्या आडपट्ट्या आत घालायच्या. विसरलं तर त्या नंतर कुठूनही आत जात नाहीत.

पायांचे माथे आणि तळ यांना इपॉक्सीचे दोन हात. पहिला शोषून घेतला, दुसरा वर राहिला. तळाला एम-१० चे (१० मिमी बोल्टचे) नट बसवून नायलॉनच्या चकत्या लावल्या, २५ मिमी उंच, फिरवून कमी-जास्त होणाऱ्या. पायाचं लाकूड त्यासाठी आधीच ६८८ ला कापलं होतं. जांभ्याची फरशी कधीच एका पातळीत नसते, आणि लाकूड ओल्या दगडाला टेकायलाही नको.

१२ एप्रिल, शनिवार

फळ्या बसवल्या. स्क्रू सगळे खालून, वरून एकही भोक नाही. आखूड पट्ट्यांना आतून ३० × ३० च्या ठोकळपट्ट्या लावल्या, त्यातून ४० चे २८ स्क्रू. आडपट्ट्यांतून ५० चे २८. सगळे स्क्रू स्टेनलेस स्टीलचे (एसएस), ३१६ प्रतीचे, गोल डोक्याचे, डोकं ५ मिमी आत बुडवलेलं. ३०४ प्रतीचं स्टील खाऱ्या वाऱ्यात चहाच्या रंगाचे डाग धरतं. साधा लोखंडी स्क्रू सागवानात काळं वलय सोडतो.

फळी आणि आडपट्टी यांच्यामध्ये प्रत्येक स्क्रूला २ मिमीचा नायलॉन वॉशर. लाकडावर लाकूड टेकलं की तिथे केसाएवढं पाणी दिवसेंदिवस धरून राहतं. या दोन मिमीत वारा खेळतो, पायाच्या माथ्यावरही. आडपट्टीतलं भोक ५ चं, स्क्रू ४ चा, म्हणजे फळीला सरकायला जागा. फळीत ३ मिमीचं आगाऊ भोक आणि स्क्रूच्या आट्यांना साबण. एसएस मऊ असतं, कोरडं दाबलं की डोकं तुटतं. एक तुटलं.

फटीसाठी ८ मिमी प्लायचे तुकडे मध्ये धरले. कडेच्या फळ्यांना खालून, काठापासून १० आत, ३ मिमी खोल लांबट खाच: पागोळी तिथे तुटते आणि पाणी चौकटीकडे वळत नाही.

१९ एप्रिल, शनिवार

८०, १२०, १५० चा पॉलिश पेपर. पुढे गुळगुळीत केलं की तेल आत शिरत नाही. वरच्या कडा ३ मिमी गोल, कारण धारदार कडेवर तेल टिकत नाही.

मग टेबल तीनदा पाण्याने धुतलं. ताजं तासलेलं सागवान पहिल्या पावसात तपकिरी पाणी सोडतं, आणि ते नव्या फरशीवर ओघळलेलं काकूंना आवडणार नाही. धुतल्यावर एका फळीवर मोहरीएवढे काळे ठिपके उठले. सांडलेलं इपॉक्सी काढताना तिथे तारेची घासणी वापरली होती. तुटलेले लोखंडाचे कण सागाच्या छिद्रांत अडकले, पाणी लागताच लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी मिळून काळे झाले. एक लिटर कोमट पाण्यात ६० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड, हातमोजे घालून ब्रशने लावलं, वीस मिनिटांनी भरपूर पाण्याने धुतलं. गेले. ॲसिड पातेल्यात नाही, प्लास्टिकच्या डब्यात कालवायचं.

२३ एप्रिल, बुधवार

तेल. चपड्याचं पॉलिश पाण्याने पांढरं पडतं. पीयू (पॉलियुरेथेन) वर्षभर काचेसारखं दिसतं, मग उन्हाने एके ठिकाणी फुटतं, पाणी खाली शिरतं आणि सगळं खरवडावं लागतं. नुसतं जवसाचं तेल म्हणजे बुरशीला मेजवानी. कोकणात वाशांना काजूच्या टरफलांचं तेल लावायची जुनी रीत आहे, वाळवीला ते जालीम. पण रंग काळाकुट्ट, हाताला फोड येतात. जेवायच्या टेबलाला नको.

बुरशीनाशक आणि रंगद्रव्य असलेलं, लाकडात मुरणारं डेक ऑइल घेतलं. दोन हात, मध्ये एक दिवस, खालची बाजू धरून ७०० मिली लागलं. वीस मिनिटांनी जास्तीचं पुसायचं, राहिलं तर चिकट होतं. तेलाची फडकी बोळा करून टाकायची नाहीत. वाळताना ती तापतात आणि आपोआप पेटू शकतात. दोरीवर सुटी वाळवली.

२८ एप्रिल, सोमवार

छोट्या हत्तीतून, ताम्हिणीमार्गे. टेबल उलटं, गोधडीवर, दोर पायांना नाही, चौकटीला. वजन तीस किलोच्या आसपास, दोन माणसं आरामात उचलतात. खालच्या बाजूला प्लास्टिकच्या पाकिटात ही चिठ्ठी:

“काकू, टेबलावर प्लास्टिक घालू नका, आत घाम धरतो आणि बुरशी येते. पाऊस पडला तर पडू द्या. कोकमाचं आगळ सांडलं तर लगेच पुसा. खोबरेल तेल लावू नका. काकांना सांगा, डुगडुगलं तर पायाखाली चीप घालायची नाही, खालची चकती फिरवायची.”

२७ मे, मंगळवार

यंदा मान्सून २४ तारखेला केरळात आणि कालच मुंबईत. टेबलाला ऊन मिळालं जेमतेम तीन आठवडे. फोटो आले आहेत: पाणी वर मण्यांसारखं उभं, फटींतून निथळतंय. फरशीवर तपकिरी ओघळ नाही. काकांनी एक चकती दीड फेरा खाली घेतली.

१२ जुलै, शनिवार

जागेवर तपासणी. ओल १९ टक्के. फटी ८ च्या ६.५ ते ७ झाल्या आहेत. कडेच्या फळीखाली पट्टी सरकवून पाहिली, पायाचा माथा कोरडा. चौकटीचे कर्ण बदललेले नाहीत. एका खुंटीचं डोकं अर्धा मिमी वर आलं आहे, तूर्त तासायचं नाही. पायांवर तळापासून चार बोटं उंचीपर्यंत शेवाळाची हिरवट झाक, फरशीवरून उडणाऱ्या पाण्याची. नरम ब्रश आणि साधं पाणी, दर पंधरा दिवसांनी. उत्तरेकडचा पाय भिंतीपासून फक्त दोन इंच होता, टेबल हातभर पुढे ओढलं.

तेलाचा पुढचा हात दिवाळीनंतर, मीटर १४ च्या खाली आल्यावर. दोन्ही पाट आत स्वयंपाकघरात वापरात आहेत.